मेंदूच्या स्कॅनवरून पुढे सायकोसिस होईल का, हे कळतं का?

मेघना_स
नमस्कार. माझा धाकटा भाऊ १९ वर्षांचा आहे. गेल्या काही महिन्यांत तो मित्रांपासून तुटत गेलाय, झोपेचं वेळापत्रक पार उलटंपालटं झालंय. रिकाम्या खोलीत कुणीतरी नावाने हाक मारल्यासारखं वाटतं, बसमध्ये लोक आपल्याबद्दलच बोलतायत असं वाटतं. पण पाठोपाठ "छे, असं नसणार" असंही तो स्वतःच म्हणतो. मानसोपचारतज्ज्ञांच्या मते हा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणं, नाही, पण धोका वाढलेली अवस्था आहे, नियमित भेटत राहायला हवं. साधा एमआरआय नॉर्मल आलाय.

बाबांच्या वाचनात आलं की स्किझोफ्रेनिया या सायकोसिसच्या आजारात मेंदूच्या व्हाइट मॅटरमधल्या जोडण्या बिघडलेल्या असतात आणि डीटीआय नावाच्या स्कॅनमध्ये ते दिसतं. आता तो स्कॅन करायचाच म्हणून ते अडून बसलेत. डॉक्टर म्हणतात त्याने काही ठरवता येणार नाही. "दिसतं, तर बघायचं का नाही?" या बाबांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. कुणाला या विषयाची माहिती किंवा अनुभव असेल तर कृपया लिहा. भावाला विचारूनच हे इथे लिहितेय.

रानवाटा
वाचतेय. बाबांचा प्रश्न अगदी रास्त आहे, मलाही हाच पडला असता.

आडवा_छेद
मी एमआरआय विभागात काम करतो, डीटीआय बऱ्याचदा करावं लागतं. आधी ते नेमकं काय मोजतं ते सांगतो.

व्हाइट मॅटर म्हणजे मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागाकडे जाणारे तंतूंचे जुडगे. तंतूंवर मायलिनचं स्निग्ध वेष्टन असतं, त्याने तो भाग पांढरट दिसतो. डीटीआयमध्ये तंतू दिसत नाहीत, दिसते ती पाण्याच्या रेणूंची हालचाल. गवताच्या पेंढीत पाणी मुरलं तर ते काड्यांच्या दिशेने सहज सरकतं आणि आडवं जाताना अडतं, तसंच इथे होतं. पाणी किती एकाच दिशेने सरकतंय ते ० ते १ अशा आकड्यात मांडतात, त्याला एफए म्हणतात. पीटर बासर, डेनिस ल बिहान आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ही पद्धत मांडली.

आता अडचणी. स्कॅनमधला एक ठोकळा साधारण २ मिलिमीटरचा असतो, त्यात लाखो तंतू मावतात. मेंदूत कितीतरी ठिकाणी दोन-तीन दिशांचे जुडगे एकमेकांना छेदून जातात. तिथे प्रत्येक तंतू धडधाकट असला तरी एफए कमीच येतो. मशीन बदललं, स्कॅनची सेटिंग बदलली की आकडा बदलतो. त्यामुळे सगळीकडे चालेल अशी "इतक्यापासून इतक्यापर्यंत नॉर्मल" पट्टी नाही.

आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे डोकं हलणं. या स्कॅनमध्ये पलंग चक्क थरथरतो, आवाज प्रचंड असतो. आम्ही कानात बोळे घालतो, डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोमच्या उशा ठासतो, हातात दाबायचा फुगा देतो. तरी घाबरलेला माणूस हलतोच. तो एक-दोन मिलिमीटर हलला तरी आकडे गढूळ होतात. जो आधीच बेचैन आहे त्याचा एफए केवळ हलण्यामुळे बिघडलेला दिसू शकतो. सॉफ्टवेअरने दुरुस्ती करतात, पण सगळं निस्तरता येत नाही.

कुहू
@आडवा_छेद, फार सोपं करून सांगितलंत. म्हणजे ते "जोडण्या बिघडतात" वगैरे सगळं हवेतलंच म्हणायचं का?

डॉ_सुमेध
हवेतलं नाही. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. मेघनाताईंच्या भावाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल बोलणार नाही, विषयाबद्दल लिहितो.

स्किझोफ्रेनियात मेंदूचा एखादा भाग मोडत नाही, भागाभागांमधला मेळ बिघडतो, हा विचार जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कार्ल वेर्निके त्या दिशेने मांडणी करत होते. १९९५ मध्ये कार्ल फ्रिस्टन आणि ख्रिस फ्रिथ यांनी तो नव्या रूपात पुढे आणला. पुढे डीटीआय आल्यावर शेकडो अभ्यास झाले, पण लहान लहान. कुणाला इथे फरक सापडला, कुणाला तिथे. म्हणून एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाने २९ ठिकाणांचे स्कॅन एकाच पद्धतीने तपासले. १९६३ रुग्ण आणि २३५९ निरोगी माणसं. २०१८ मध्ये निष्कर्ष आले: तपासलेल्या २५ भागांपैकी २० भागांत रुग्णांचा सरासरी एफए कमी. सगळ्यात ठळक फरक मेंदूचे दोन अर्धगोल जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसममध्ये आणि कोरोना रेडिएटा या पंख्यासारख्या पसरलेल्या जुडग्याच्या पुढच्या भागामध्ये. संपूर्ण मेंदूसाठी फरकाचं माप, ज्याला एफेक्ट साइझ म्हणतात, ०.४२ आलं.

म्हणजे फरक खरा आहे आणि तो मेंदूभर पसरलेला आहे. पण तो गटाच्या सरासरीतला आहे. एकाच माणसाचा स्कॅन समोर ठेवून तो रुग्ण आहे की नाही हे मला त्यावरून सांगता येणार नाही. असाच पण कमीअधिक फरक बायपोलर आजारातही सापडतो, त्यामुळे त्यावरून आजाराचं नावही ठरत नाही.

जुना_वाचक
डॉक्टरांचा आदर राखून असहमती नोंदवतो. दोन हजार रुग्णांत फरक दिसला, तर एका मुलात बघायला काय हरकत आहे? किरणोत्सर्ग नाही, सुई नाही. कमी निघालं तर सावध राहू, नाही निघालं तर निर्धास्त होऊ. माहिती हाताशी असलेली बरी.

गणितवेडा
@जुना_वाचक, याचं उत्तर हिशेबानेच द्यायला हवं, कारण ०.४२ हा आकडा ऐकायला मोठा वाटतो.

रुग्णांचा आणि निरोगी लोकांचा एफए दोन घंटेसारख्या वक्रांवर मांडला, तर ०.४२ फरक असताना ते दोन वक्र साधारण ८३ टक्के एकमेकांवर पडतात. एक रुग्ण आणि एक निरोगी माणूस चिठ्ठी काढून निवडला, तर रुग्णाचा आकडा कमी असण्याची शक्यता १०० पैकी ६२. नाणं उडवलं तर ५०.

आता ओळखचाचणी म्हणून बघू. निरोगी लोकांचा मधला आकडा ही रेषा धरा. व्याख्येनेच निम्मे निरोगी तिच्या खाली, आणि रुग्णांपैकी सुमारे ६६ टक्के खाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने हा आजार सुमारे ३०० जणांत एकाला असतो. म्हणजे ३००० लोकांत १० रुग्ण. रेषेखाली येणार रुग्ण ७ आणि निरोगी जवळपास १५००. त्या दीड हजार लोकांना आपण काय सांगणार?

जुना_वाचक
पण हा मुलगा त्या ३००० मधला नाही ना? त्याला डॉक्टरांनीच धोक्याच्या गटात धरलंय. तिथे प्रमाण जास्त असणार.

गणितवेडा
बरोबर मुद्दा, तो हिशेबही करू. डॉक्टर, धोक्याच्या अवस्थेतल्या किती जणांना पुढे सायकोसिस होतो?

डॉ_सुमेध
२०१२ मध्ये फुसार-पोली आणि सहकाऱ्यांनी सगळे अभ्यास एकत्र केले तेव्हा एका वर्षात २२, दोन वर्षांत २९ आणि तीन वर्षांत ३६ टक्के आले होते. नंतरच्या संकलनांत तीन वर्षांचा आकडा २५ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे चारातल्या तिघांना त्या काळात सायकोसिस होत नाही. त्यांचं सगळं सुरळीत होतं असा याचा अर्थ नाही. अनेकांना चिंता, नैराश्य, अभ्यासातल्या अडचणी राहतात आणि त्यांवर उपचार लागतात.

गणितवेडा
मग १०० मुलं घ्या, २५ जणांना पुढे होणार, ७५ जणांना नाही. तीच रेषा लावली तर २५ पैकी सुमारे १७ खाली आणि ७५ पैकी ३७ खाली. रेषेखाली ५४ जण, त्यांतल्या १७ जणांना सायकोसिस, म्हणजे ३१ टक्के. रेषेवर असलेल्यांत १८ टक्के.

स्कॅनच्या आधी धोका २५. वाईट निकाल आला तर ३१, चांगला आला तर १८. दोन्ही वेळा करायचं तेच: नियमित भेटत राहायचं. आणि निर्धास्त तर १८ टक्क्यांवरही होता येत नाही.

डॉ_सुमेध
उत्तम मांडलंत. त्यात एक भर. तुम्ही आजार प्रस्थापित झालेल्या रुग्णांमधला फरक वापरलात. धोक्याच्या अवस्थेतल्या मुलांमध्ये तो आणखी लहान असतो आणि अभ्यासागणिक बदलतो. म्हणजे प्रत्यक्षात २५ वरून ३१ इतकीही हालचाल होईलच असं नाही.

रानवाटा
हे २५ आणि ३१ मी वहीत उतरवून घेतलं. इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं.

नंदाकाकू
मी आकडे जाणत नाही, पण "बघायला काय हरकत आहे" यावर बोलायचंय. माझ्या मुलीसाठी आम्ही असाच एक स्कॅन करून घेतला होता. कुठे ते महत्त्वाचं नाही. रिपोर्टमध्ये मेंदूचं रंगीत चित्र होतं, लाल, हिरवे, निळे दोरे, आणि खाली एक ओळ की अमुक भागात एफए कमी. कुणी समजावून सांगितलं नाही. मुलीने ते चित्र मोबाइलमध्ये ठेवलं आणि उठता-बसता बघायची. "आई, माझ्या तारा तुटल्यात, आता काय उपयोग" म्हणत समुपदेशनाला जाणंच तिने बंद केलं. तिला परत तिथवर आणायला फार काळ लागला. माहिती हाताशी असलेली बरी हे खरं, पण कुणाच्या हाती आणि कशी, हेही बघावं लागतं, जुना_वाचक.

आडवा_छेद
काकू, वाचून गलबललं. त्या रंगांबद्दल मुलीला जरूर सांगा: लाल म्हणजे डावी-उजवीकडे जाणारे तंतू, हिरवे पुढे-मागे, निळे वर-खाली. रंग फक्त दिशा दाखवतात, आजार दाखवत नाहीत. माझ्या मेंदूचं चित्रही तसंच रंगीत आहे.

जुना_वाचक
काकू, तुमचा मुद्दा पोचला. माझ्या डोक्यात फक्त निकालाचा विचार होता, तो वाचणाऱ्याचा नव्हता.

कुहू
डॉक्टर, एक सरळ प्रश्न. रुग्ण वर्षानुवर्षं गोळ्या घेतात. हा फरक गोळ्यांमुळेच नाही कशावरून?

डॉ_सुमेध
विचारायलाच हवा असा प्रश्न. त्याच २०१८ च्या अभ्यासात औषधाचा डोस आणि एफए यांचा संबंध आढळला नाही. शिवाय एकही गोळी न घेतलेल्या, पहिल्यांदाच आजारी पडलेल्या रुग्णांतही फरक सापडलेले आहेत. म्हणजे सगळा दोष औषधांवर ढकलता येत नाही. मेंदूच्या एकंदर आकारमानाबद्दल मात्र काही दीर्घ अभ्यासांत जास्त डोसचा संबंध दिसलाय, म्हणून कमीत कमी परिणामकारक डोस हे धोरण योग्यच. आणि या धाग्यापुरतं महत्त्वाचं: केवळ धोका आहे म्हणून, पुढचा सायकोसिस टाळायला अँटिसायकोटिक (सायकोसिसवरचं औषध) देऊ नये, असं ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात. तिथे भर आहे सीबीटी (विचार आणि वागणं तपासून बदलायला शिकवणाऱ्या) प्रकारच्या संवाद-उपचारांवर आणि सोबतच्या चिंता-नैराश्यावर.

स्वल्पविराम
मी इथे क्वचित लिहितो. मला स्किझोफ्रेनिया आहे, औषध चालू आहे, नोकरी करतो.

कुहू, गोळ्यांनी वजन वाढलं, सकाळी डोकं जड असतं, हे मी लपवणार नाही. पण मधे परस्पर बंद केल्या तेव्हा आवाज परत आले आणि या वेळी ते माझ्या प्रत्येक कृतीवर टिप्पणी करत होते. मी चहाचा कप उचलला की "उचलला", ठेवला की "ठेवला". दिवसभर. तो काळ मला पुन्हा नको. डोस कमी करायचा तर डॉक्टरांबरोबर, हळूहळू.

मेघना, तुमच्या भावाच्या वयाचा असताना मला कुणी "तुला नेमकं काय ऐकू येतं" असं शांतपणे विचारलं असतं तर बरं झालं असतं. सगळे "असं काही नसतं" म्हणायचे. मग मी सांगणंच बंद केलं. स्कॅनपेक्षा त्याला हा प्रश्न विचारत राहा.

मेघना_स
@स्वल्पविराम, मनापासून आभार. हे मी आजच करणार आहे.

डॉ_सुमेध
+१. "उचलला, ठेवला" हा अनुभव अनेक रुग्ण सांगतात. याच संदर्भात एक गोष्ट: २००४ मध्ये डॅनिएला हुब्ल यांच्या गटाने आवाज ऐकू येणाऱ्या रुग्णांच्या आर्क्युएट फॅसिक्युलसचा, म्हणजे भाषेचे भाग जोडणाऱ्या जुडग्याचा, अभ्यास केला. तिथे काही भागांत एफए कमी नाही, जास्त निघाला. "कमी म्हणजे वाईट" इतकं सोपं गणित मेंदूत नसतं.

पिंपळपान
माझा प्रश्न वेगळा आहे. हा आजार नेमका १६ ते २५-३० या वयातच का डोकं वर काढतो? त्याचा व्हाइट मॅटरशी संबंध आहे का?

डॉ_सुमेध
संबंध असावा असं मानायला चांगली कारणं आहेत. मायलिनचं वेष्टन चढण्याचं काम जन्माआधी सुरू होतं आणि मेंदूच्या पुढच्या भागांत ते विशीत, त्याही पुढे चालू राहतं. नियोजन, संयम, शंका तपासून बघणं या कामांना लागणारे लांब पल्ल्याचे मार्ग सगळ्यात शेवटी पक्के होतात, आणि आजाराची सुरुवात बहुतेकदा त्याच काळात होते.

एक दुर्मिळ आजार यावर प्रकाश टाकतो: मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी. यात एका एन्झाइमच्या कमतरतेमुळे मायलिन खराब होत जातं. तो पौगंडावस्थेत किंवा तरुणपणी सुरू झाला, तर अनेकांत आधी सायकोसिसची लक्षणं दिसतात, चालण्या-बोलण्यातले दोष नंतर. त्यात मायलिनची हानी पुढच्या भागात, कपाळामागे सुरू होते. जोडण्या बिघडल्याने सायकोसिस होऊ शकतो याचा हा जवळपास थेट पुरावा. स्किझोफ्रेनिया म्हणजे हा आजार नव्हे, पण वाट त्याच परिसरातून जाते.

मेघनाताई, साधा एमआरआय काढला जातो तोही याचसाठी. गाठ, मायलिनचे आजार, मेंदूचा दाह अशी वेगळी कारणं वगळायला. तो नॉर्मल आला ही चांगली बातमी आहे. फिट, ताप, अचानक आलेला विस्मरणाचा झटका, चालताना तोल जाणं, तोंडाच्या किंवा हातांच्या विचित्र हालचाली यांपैकी काही दिसलं तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. ऑटोइम्यून एन्सेफलायटिससारखे (शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे मेंदूला होणारा दाह) आजार सायकोसिससारखे सुरू होतात आणि त्यांचे उपचार पूर्ण वेगळे असतात.

आडवा_छेद
थोडं अवांतर, पण राहवत नाही. विशीतल्या पुरुषाच्या मेंदूतले मायलिनयुक्त तंतू एकापुढे एक ठेवले तर लांबी सुमारे १,७६,००० किलोमीटर भरते, असा डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००३ मध्ये अंदाज काढला. स्त्रियांमध्ये १,४९,०००. विषुववृत्ताला चार फेऱ्या आणि वर उरतात. इतकं सगळं एका कवटीत, आणि आम्ही ते २ मिलिमीटरच्या ठोकळ्यांत बघतो.

पिंपळपान
बाप रे! मग माझ्या किल्ल्या कुठे ठेवल्या ते सांगायला एवढे किलोमीटर कमी पडतात का? :)

आडवा_छेद
:) आणि हे तंतू बदलतातही. ऑक्सफर्डमध्ये २००९ मध्ये मोठ्या माणसांना सहा आठवडे तीन चेंडू झेलायला शिकवलं, तर हात-नजर जुळवणाऱ्या भागातल्या व्हाइट मॅटरमध्ये एफए वाढलेला दिसला. नंदाकाकू, हे मुलीला सांगाल का? स्कॅन म्हणजे त्या दिवसाची नोंद आहे.

नंदाकाकू
सांगते. चेंडूही आणते.

कुहू
माशाच्या तेलाने, म्हणजे ओमेगा-३ ने, धोका कमी होतो असं एकजण खात्रीने सांगत होते. मायलिन स्निग्ध असतं म्हणून म्हणे. देऊन बघावं का?

डॉ_सुमेध
आशा वाटावी असा अभ्यास झाला होता. २०१० मध्ये पॉल आमिंगर यांच्या गटाने धोक्याच्या अवस्थेतल्या ८१ जणांवर प्रयोग केला, ओमेगा-३ घेतलेल्यांत कमी जणांना सायकोसिस झाला. मग न्युराप्रो नावाचा मोठा प्रयोग अनेक देशांत झाला, २०१७ मध्ये निकाल आला: ओमेगा-३ आणि बनावट गोळी यांत फरक नाही. कुणी घेत असेल तर विरोध करणार नाही, पण त्यावर विसंबून भेटी चुकवू नयेत. खरा फायदा दुसरीकडे आहे. गांजा, विशेषतः तीव्र प्रतीचा, पूर्ण टाळणं. झोपेची घडी बसवणं. आणि घरात टोचून बोलणं, सतत टीका कमी करणं. टीकेच्या वातावरणात आजार पुन्हा उलटण्याचं प्रमाण जास्त असतं हे अनेक देशांत दिसलंय.

मेघना_स
सगळ्यांचे आभार. गणितवेडा यांचा २५, ३१, १८ चा हिशेब बाबांपुढे ठेवला. ते स्वतः हिशेबात पक्के आहेत, त्यांनी कागदावर पुन्हा करून बघितला आणि म्हणाले, "मग पैसे आणि वेळ त्या समुपदेशनावर घालू." भावाला शांतपणे विचारलंही. तो बराच वेळ बोलला.

डॉक्टर, एकच विचारायचंय. पुढची भेट ठरलेल्या दिवसाआधी घ्यायला हवी, हे कशावरून ओळखायचं?

डॉ_सुमेध
आत्ता तो "छे, असं नसणार" म्हणतो ना, ती शंका जपा. ती गेली आणि खात्री आली, की लोक नक्कीच बोलतायत, तर लगेच भेटा. हाका रोज येऊ लागल्या, आवाज आज्ञा देऊ लागले, दोन-तीन रात्री झोपच नाही, खाणं सोडलं, किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलू लागला, तर तारखेची वाट बघू नका. उपचार जितके लवकर सुरू होतात तितका निकाल चांगला, हे या क्षेत्रात पक्कं झालेलं आहे.

पिंपळपान
शेवटची शंका. वैयक्तिक उपयोग नसेल तर असे स्कॅन संशोधनासाठी तरी द्यावेत का? नाहीतर हे कधी पुढे जाणार?

आडवा_छेद
जरूर द्यावेत, पण आपल्यासाठी उत्तर मिळेल या अपेक्षेने नाही. नवी तंत्रं त्यातूनच येतायत. उदाहरणार्थ, फ्री वॉटर पद्धतीत तंतूंच्या बाहेरचं मोकळं पाणी वेगळं काढतात. पहिल्यांदा आजारी पडलेल्यांच्या २०१२ च्या एका अभ्यासात हे बाहेरचं पाणी मेंदूभर वाढलेलं दिसलं, तंतूंमधला बदल मात्र मुख्यतः पुढच्या भागापुरता. म्हणजे सुरुवातीच्या काळात तंतू शाबूत राहून भोवतालीच काही घडत असेल, आणि ते पूर्ववत होण्याजोगं असू शकेल. हे तपासायला माणसं लागतात, तीही वर्षांच्या अंतराने पुन्हा येणारी.

सही करण्याआधी विचारा: डेटा कोण बघणार, नाव काढून टाकणार का, स्कॅनमध्ये अनपेक्षित काही दिसलं तर कळवणार का, आणि मधेच माघार घेता येईल का. शरीरात धातू किंवा पेसमेकर असेल तर आधीच सांगा.